केसपेपर खिडकी तीन

"आधी पूजा, मग तुमचं अपडेट," वायदंडे सर्व्हरच्या खोलीच्या दारातच उभे राहून म्हणाले. हातात पितळी ताट, ताटात हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि कापराची डबी.

"काका, मी पहाटेच्या गाडीनं पुण्याहून आलेय. एकशे शहाऐंशी संगणक आहेत आणि संध्याकाळी मला परत जायचंय."

"मग त्यांचीच पूजा हाय की मॅडम. एकशे शहाऐंशींची."

खंडेनवमी होती. सोलापुरातलं ते एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल, नाव मुद्दाम सांगत नाही. बाह्यरुग्ण विभागाला त्या दिवशी सुट्टी, म्हणून आमच्या कंपनीनं नेमका तोच दिवस ठरवला होता. औषधांच्या नोंदीचा नवा प्रोग्रॅम हॉस्पिटलातल्या सगळ्या संगणकांवर एकाच वेळी चढवायचा, सर्व्हरच्या खोलीत बसून. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझ्याहून शहाणं माणूस अजून जन्माला यायचंय, असा माझा ठाम समज होता.

वायदंडे साठीला टेकलेले. बॉयलरवर नोकरीला लागले, मग इलेक्ट्रिशियन झाले, मग संगणक आले तेव्हा "वायरी तर हायतच की" म्हणून संगणकही त्यांच्याच गळ्यात पडले. दर खंडेनवमीला ते आवारातल्या प्रत्येक संगणकापाशी जाऊन स्वतः हळद-कुंकू वाहत. बंद ठेवता येण्यासारखी यंत्रं त्या दिवशी बंद, बाकीची चालू. पण हात प्रत्येकाला लागलाच पाहिजे.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"तुमी संगं आलात तर लवकर हुईल. आन् तुमच्या यादीत गफलत हाय, ती बी दिसंल. शुक्रवारी फोनवर बोललो नव्हतो का, दोन-तीन यंत्रं इकडची तिकडं झाल्यात म्हणून?"

बोलले होते. मी तेव्हा म्हटलं होतं, "नावं तीच आहेत ना? मग झालं." माझ्या यादीत प्रत्येक संगणकाला नाव होतं आणि ते मी स्वतः दिलं होतं. यादीपुढे मला हॉस्पिटल कशाला बघायचं?

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुमची फेरी संपेपर्यंत मी बटण दाबणार नाही. शब्द देते."

शब्द पाळला. बटण दाबलं नाही. ते काडेपेटी शोधायला वळले तेवढ्यात मी वेळ लावून ठेवली, साडेबारा. रुग्णांना थेट जोडलेली दोन-चार यंत्रं तेवढी यादीतली नावं बघून वगळली, ती शेवटी करायची होती. म्हाताऱ्याचं मन राखायचं आणि आपलं कामही अडू द्यायचं नाही, या हुशारीवर मी मनातल्या मनात खूश झाले. बंद असलेली यंत्रं चालू झाल्यावर आपोआप अपडेट होतील, बाकीची आम्ही फिरत असतानाच होऊन जातील. खोलीला कुलूप लागलं, किल्ली वायदंडेंच्या खिशात गेली आणि आम्ही निघालो.

मला वाटलं होतं, टिळा लावतील, फूल ठेवतील, पुढे. कसलं काय! प्रत्येक यंत्रापाशी ते ताट खाली ठेवायचे, मागच्या पंख्यावर तळवा धरायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे, फुंकर मारायचे, वायर हलवून बघायचे. मग तिथल्या माणसाला विचारायचे, "ही काय करती सध्या?" आणि माणूस सांगायचा. रक्तपेढीतली पोरगी म्हणाली, "काका, कुठल्या गटाच्या किती बाटल्या आहेत ते हिलाच माहीत." स्वयंपाकघरातला आचारी म्हणाला, "साखरेवाले कोण, मीठ बंद कोणाचं, ही सांगती. नाहीतर मी मारलाच असता एखादा." वायदंडे ते वहीत लिहून घ्यायचे आणि मगच टिळा लावायचे. शवागारातल्या संगणकालाही त्यांनी तेवढ्याच निगुतीनं फूल वाहिलं. तिथला माणूस उठून उभा राहिला होता.

मी सारखी घड्याळ बघत होते.

"गाडी चुकायली का ओ?" वायदंडेंनी एकदा विचारलं.

"नाही, नाही. चला तुम्ही."

खरं सांगायचं तर दहाव्या-बाराव्या यंत्रानंतर माझी घाई जरा ओसरली होती. माझ्या पडद्यावर हे सगळे हिरवे ठिपके होते. त्या ठिपक्यांमागे कोणी जेवण रांधतं, कोणी रक्त मोजतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पण हे कबूल करण्याएवढी मी मोठी झालेली नव्हते, म्हणून तोंड पाडूनच चालत राहिले.

मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाला, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली होती. वायदंडेंनी ताट बाहेरच्या बाकावर ठेवलं.

"हितं हळद-कुंकू न्हाई चालत. नुसता हात लावायचा," ते म्हणाले आणि चपला काढून नळाशी गेले.

दारात सिस्टर साळवे उभ्या होत्या. सुवार्ता साळवे, चाळीस-पंचेचाळीसच्या, बुटक्या, आवाज अगदी हळू, पण त्या आवाजाला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नसती. "कोपरापर्यंत धुवा," त्या मला म्हणाल्या. "अंगठी काढा. घड्याळ काढा. हा झगा घाला."

मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि पर्स बाहेर ठेवली.

आत उबदार होतं. सात काचेच्या पेट्या आणि प्रत्येकीत एक बाळ. बाळ म्हणायचं म्हणून, माझ्या पाण्याच्या बाटलीएवढी होती ती. प्रत्येकाच्या पायाला एक वायर, ती जायची एका छोट्या डबीत आणि सगळ्या डब्या एका संगणकाला जोडलेल्या. डब्यांना ना पडदा ना आवाज. सातही जणांचे श्वास आणि हृदयाचे ठोके त्या एका पडद्यावर उमटायचे आणि कोणाचा श्वास अडला तर तोच संगणक ओरडायचा. खोलीत सिस्टर रंजना नावाची दुसरी नर्स होती आणि गोदाबाई आया.

वायदंडेंनी यंत्राला हात लावला, डोळे मिटले, मग नेहमीसारखं विचारलं, "कशी हाय?"

"उत्तम," सिस्टर साळवे म्हणाल्या. "जुनी गेल्या गुरुवारी अचानक बंद पडली तेव्हा तुम्ही ही आणून दिलीत, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं."

"कुठून आणली होती?" मी सहज विचारलं.

"केसपेपरच्या खिडकीवरनं," वायदंडे म्हणाले. "ती खिडकी तशी बी बंदच असती. हेच तर तुमाला दाखवायचं हुतं."

मी वाकून बघितलं. खोक्याच्या बाजूला स्केचपेननं लिहिलेलं माझं नाव, म्हणजे मी दिलेलं नाव: केसपेपर खिडकी ३.

केसपेपरच्या खिडक्या मी वगळल्या नव्हत्या. "किती वाजले?" मी विचारलं. उत्तर यायच्या आत पडद्याच्या मधोमध, सात बाळांच्या आकड्यांवर, निळी चौकट उघडली. 'महत्त्वाचे अपडेट. हा संगणक ५ मिनिटांत पुन्हा सुरू होईल.'

"हे काय?" सिस्टर साळवे म्हणाल्या.

"माझं आहे," मी म्हटलं. "मी साडेबाराची वेळ लावली होती."

वायदंडेंनी माझ्याकडे बघितलं.

मी माऊस हलवला, हलेना. कळा दाबल्या, काही होईना. होणारच नव्हतं. हॉस्पिटलातले लोक अपडेट आलं की 'रद्द करा' दाबतात, म्हणून ते बटण मी काढून टाकलं होतं. मध्ये कोणी लुडबुड करू नये म्हणून कीबोर्ड आणि माऊसही कुलूपबंद करण्याची सोय मीच केली होती आणि त्याबद्दल ऑफिसात शाबासकी घेतली होती. एकदा यंत्रावर उतरलेलं अपडेट सर्व्हरवरूनही थांबत नव्हतं. मध्येच वीज तोडली तर यंत्र पुन्हा उठेलच याची खात्री नव्हती.

"थांबवता येतंय का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"बंद किती वेळ राहील?"

"चार मिनिटं. फार तर पाच."

मला वाटलं, आता या ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. त्यांनी फक्त एकदा सगळ्या पेट्यांवरून नजर फिरवली. "रंजना, डॉक्टरांना निरोप दे."

"सिझेरियनला उभे आहेत, सिस्टर. आत्ताच गेले."

"बरं. दोघं मोठे आहेत, श्वास नीट घेतात, त्यांची काळजी नाही. बाकीचे पाच. आणि आपण पाच. हात धुतलेलेच आहेत सगळ्यांचे." त्या बोलत बोलत पेट्यांच्या बाजूच्या गोल खिडक्या उघडत होत्या. "दोन बोटं छातीवर. ठेवायची, दाबायची नाहीत. एका श्वासाला एक आकडा, मोठ्यानं मोजायचा. श्वास थांबला की तुम्हीही थांबायचं. मध्ये जरा थांबतात ही, घाबरायचं नाही. मी सांगेन तेव्हाच पायाच्या तळव्याला टिचकी मारायची. कळलं?"

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "मी कधी बाळ हातात घेतलेलं नाही."

"हातात घ्यायचं नाहीये. मोजायचंय. मोजता येतं ना?"

माझ्या पेटीवर चिठ्ठी होती: येमुल यांची मुलगी, ९२० ग्रॅम. मी हात आत घातला. काय सांगू! इतकी उष्ण, इतकी मऊ कातडी, आणि खालची फासळीन् फासळी बोटांना लागत होती. माझी दोन बोटं ठेवली तर तिची छाती संपली. त्या एवढ्याशा जागेत काहीतरी भराभर उठत होतं, बसत होतं, उठत होतं.

पडदा काळा झाला. डब्यांवरचे हिरवे दिवे विझले.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन. चार."

पाचही जण मोजू लागलो. सिस्टर रंजनाचा आवाज पातळ, वायदंडेंचा खर्जातला. गोदाबाईंना विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, त्या वीस झाले की "एक विसा" म्हणायच्या, बोट दुमडायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. कोणाचाच आकडा कोणाशी जुळत नव्हता. एक जण बाराला, एक जण अठराला, मध्येच कोणी थबकायचं, खोलीतला एक आवाज गळायचा आणि दोन क्षणांनी पुन्हा सामील व्हायचा. आणि सिस्टर साळवे स्वतःचं बाळ मोजता मोजता उरलेल्या चौघांचे आवाज ऐकत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, यांनी आम्हालाच यंत्र केलंय. आवाज बंद पडला की ती धोक्याची घंटा.

आईशप्पथ सांगते, मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही असं काही ऐकलेलं नाही. देवळात नाही की गाण्याच्या मैफलीत नाही. पाच माणसं पाच जीवांचे श्वास मोठ्यानं म्हणत होती आणि मी त्यातली एक होते.

"एकशे तेवीस. एकशे चोवीस. एकशे पंचवीस."

बोटांखालची छाती बसली आणि उठली नाही.

मी थांबले. थांबतात ही, घाबरायचं नाही. मी वाट बघितली. वायदंडेंचा आवाज पुढे गेला, गोदाबाईंचा "सहा विसा" झाला. माझ्या बोटांखाली काही नव्हतं. ऊब होती, बाकी काही नव्हतं. तिच्या ओठांभोवती निळसर छटा चढू लागली.

"येमुल," सिस्टर साळवे मान वर न करता म्हणाल्या. "टिचकी."

मी दुसऱ्या हातानं तिच्या तळव्याला टिचकी मारली. तळवा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. काही नाही.

"पुन्हा. जोरात. लाडानं नको."

मी पुन्हा मारली. काही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "ए बाळा," मी म्हणाले, "ए, ऊठ ना गं. माझी चूक आहे. तुझी नाही गं." सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले.

"बोलू नका. मारा."

तिसरी टिचकी मी खरोखर जोरात मारली. तिचा पाय आखडला, तोंड वाकडं झालं आणि छाती एकदम उचलली गेली. माझी दोन्ही बोटं वर उचलली तिनं, एवढ्या ताकदीनं. आणि तिनं आवाज काढला.

"एकशे सव्वीस," मी म्हटलं.

"शाब्बास," वायदंडे पलीकडून पुटपुटले आणि लगेच आपला आकडा पुढे नेला.

यंत्र उठलं. पडद्यावर माझा नवाकोरा औषधांचा प्रोग्रॅम दिमाखात उघडला. सिस्टरांनी डावा हात लांबवून वायदंडेंच्या बाळाच्या छातीवर ठेवला आणि दोन्ही बाळं एकाच वेळी मोजत राहिल्या. वायदंडेंनी माझा प्रोग्रॅम बंद करून बाळांचा चालू केला. डब्यांवर दिवे लागले. एक एक करत सातही बाळांचे आकडे पडद्यावर आले.

"झालं. हात काढा आता," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी काढले. माझा निघेना.

"मॅडम, मशीन बघतीय आता."

"एक मिनिट," मी म्हटलं. "दोनशे होऊ देत."

त्यांनी होऊ दिले.

गोदाबाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. "गं बया," त्या म्हणाल्या, "बारा विसा झाले की गं माझे." रंजना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी वायदंडेंसमोर हात जोडले, तर ते म्हणाले, "मला काय जोडताय? त्या पोरीला जोडा." चिडले होते ते, आणि चिडणं त्यांना शोभत होतं.

एवढ्यात दार लोटून एक बाई आत आली. पंचविशीची असेल, झगा घातलेला, हातात दुधाची वाटी झाकून धरलेली. विड्या वळणाऱ्या बायकांची असतात तशी तिची बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली, धुऊन धुऊन लाल झालेली. दुपारच्या दुधाची वेळ झाली होती. तिनं आमच्याकडे बघितलं, उघड्या गोल खिडक्यांकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

"काय झालं ओ?" ती म्हणाली. "माझ्या पोरीजवळ ह्या बाई कोण?"

ती येमुल होती. सुजाता येमुल.

सिस्टर साळवे मला वाचवू शकल्या असत्या. तपासणीला आल्यात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. माझ्या चुकीमुळं मशीन बंद पडली, पाच मिनिटं काही दिसत नव्हतं, आम्ही हातानं मोजत होतो, तुमच्या मुलीचा श्वास मध्ये थांबला, टिचक्या मारल्या तेव्हा आला. यातलं एकही वाक्य मी गोड केलं नाही. मला वाटलं, ही आता वाटी माझ्या अंगावर फेकेल, आणि फेकली असती तर मी पुसलंही नसतं.

"तुमच्यामुळं थांबला श्वास?"

"थांबतो तो तिचा अधूनमधून," सिस्टर म्हणाल्या. "यांच्यामुळं फक्त तो मशीनला दिसला नाही. यांच्या बोटांना दिसला."

ती पेटीपाशी आली. काचेवर वाकली. मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "किती वेळा मारलं?"

"तीनदा. तिसऱ्यांदा जोरात. मग श्वास घेतला आणि रडली."

तिनं झटकन मान वळवली.

"रडली?"

"हो. अगदी बारीक."

"आवाजानं रडली? आवाज आला?"

"आला. मी ऐकला," सिस्टर म्हणाल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "परवापर्यंत घशात नळी होती हिच्या. नळीतून आवाज येत नाही. आणि नळी काढल्यापासून रडण्याएवढी ताकदच नव्हती."

सुजातानं वाटी पेटीवर ठेवली. "एकोणीस दिस झाले," ती म्हणाली. "बाळंत झाले तवा मी बेशुद्ध होते. एकोणीस दिस मी काचेला कान लावून बसायली. पोरगी रडतीय का, म्हणून सगळे इचारतेत घरी. मी काय सांगू?" ती माझ्या अगदी जवळ आली. "कसं रडली ओ? करून दावा की."

"मी?"

"तुमीच हुता की जवळ."

एकशे शहाऐंशी यंत्रांना एका जागी बसून नाचवणारी मी. मी सिस्टरांकडे बघितलं, वायदंडेंकडे बघितलं. कोणी हसलं नाही. वायदंडेंनी तर टोपी काढून हातात घेतली होती.

मी डोळे मिटले, आठवलं, आणि जमेल तसा तो आवाज काढून दाखवला. मांजराच्या पिल्लासारखा, तुटका, शेवटी जरा रागावलेला.

सुजाता ऐकत होती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी अजून एकदा रडून दाखवलं.